बोंडअळी आणि फिटरची मुलगी

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं चित्र अळीचं आहे. कपाशीच्या बोंडात शिरून बसलेली अळी, वर तिचा पतंग, खाली कोष आणि बाजूला पोखरलेलं बोंड. टाक आणि काळी शाई, दोन फूट बाय दीड फूट. शेतकी खात्याच्या प्रदर्शनात ते टांगलं होतं, आणि दिग्रसच्या बाजाराला आलेला माणूस त्याच्यासमोर उभा राहून शिव्या द्यायचा. मला नाही, अळीला. चित्रकाराला याहून मोठी दाद मिळत नसते, असं मी तेव्हा स्वतःला समजावत असे. आजही समजावतो, दुसरा इलाज नाही.

मी दिग्रसच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. मूळचा फुलसावंगीकडचा. नागपूरला राहून चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि तिथून दोन गोष्टी घेऊन आलो: जलरंगांची पत्र्याची पेटी आणि पुस्तकी मराठी. दोन्हींचा इथं कुणाला काडीचा उपयोग नव्हता. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला होता. हेडमास्तरांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, "आता नवीन राज्य आहे. चित्रकलेचं महत्त्व वाढणार बघा." वाढलं. आठवड्याला दोन तास होते, त्यातला एक त्यांनी कवायतीला दिला.

जलरंग हे माझं खरं प्रेम. दिवाळीनंतर जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाचे ढीग लागायचे, माणूस वर चढला की खालून टोपीएवढा दिसायचा. ते ऊन, त्या ढिगांच्या निळसर सावल्या पाहून माझा जीव वेडावून जायचा. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. पांढरं म्हणजे कागदच. भोवतीच्या सावल्या रंगवायच्या आणि ढीग कोरा सोडायचा. मग तो आपोआप उठून येतो. तीन सकाळी बसून मी ते चित्र केलं आणि मोठ्या हौसेनं जिनाच्या मालकांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून निरखून पाहिलं. म्हणाले, "छान आहे. पूर्ण झालं की आणा."

मी म्हटलं, हे पूर्णच आहे.

"पूर्ण कसं? कापूस काढायचा राह्यला न, मास्तर!"

मी त्यांना पंधरा मिनिटं कोऱ्या कागदाचं शास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग दिवाणजीकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तरांना चहा सांगा. पांढरा रंग संपला वाटते बिचाऱ्यांचा."

त्या दिवसापासून मी शाईकडे वळलो. काळ्यावर कुणी शंका घेत नाही. रेघांनी काढता येतं तसं ठिपक्यांनीही काढता येतं: जिथं सावली हवी तिथं ठिपके दाट, जिथं उजेड हवा तिथं विरळ. हजारो ठिपके. एका तळहाताएवढ्या जागेला अख्खी दुपार. शेतकी खात्याच्या साहेबांना अळी हवी होती, ती मी अशीच ठिपक्यांनी केली, आणि गावात माझं नाव झालं. माझं म्हणजे, "अळीवाले मास्तर" असं.

आता माझ्या तोंडाविषयी सांगून टाकतो, कारण पुढं त्याच्यावाचून गोष्ट अडते. नवव्या वर्षी मला देवी आल्या. जगलो, पण गालांवर, नाकावर, कपाळावर वण राहिले, बोट ठेवायला सपाट जागा नाही असे. शाळेतली पोरं मला चाळणी मास्तर म्हणायची आणि मला ते ठाऊक नाही असं समजायची. मोठी माणसं काही म्हणत नसत. ती फक्त बोलताना माझ्या खांद्याकडे पाहायची. या दोन्हींतलं काय जास्त लागतं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला दोन्ही लागायचं आणि मी दोन्ही वेळा चिडायचो.

मी राहत होतो जिनातल्या फिटरच्या घरी. ओसरीला लागून एक खोली होती, ती मला दिली होती. फिटरकाकांचा अर्धा जन्म यंत्रांच्या घरघरीत गेला होता, त्यामुळे ते साधं "जेवलात का" विचारायचे तेही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. काकू कमी बोलायच्या आणि नेमकं बोलायच्या. त्यांची थोरली मुलगी एकोणीस वर्षांची होती, सातवी पास, तोंडानं फटकळ. एकोणीस म्हणजे तेव्हाच्या मानानं उशीर झाला होता आणि घरात त्याची चिंता होती. आमची जात एकच. पोटजातही एक. मला नोकरी होती, वय सव्वीस होतं, डोक्यावर आईवडील नव्हते, आणि मी त्या घरापासून एका भिंतीच्या अंतरावर राहत होतो. हे सगळं मी अशासाठी लिहितो, की पुढल्या सबंध हकिगतीत हे एकदाही कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मी समजत होतो.

नेरहून एक स्थळ आलं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. मुलगी पाहायला यायच्या आधी तिच्या रूपाची काही कल्पना द्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे फोटो पाठवा. आणि फोटो म्हटला की फिटरकाकांचं टाळकं फिरायचं. मागं एकदा यवतमाळला नेऊन मुलीचा फोटो काढला होता, तो पुसदच्या एका स्थळाला पाठवला, त्यांनी नकार कळवला पण फोटो काही परत केला नाही. पुढं कळलं, की तो त्यांच्या सोयऱ्यांत हातोहात फिरतो आहे. "फोटो एक डाव घराबाहेर गेला की गावोगाव हिंडते," असं म्हणून काकांनी शपथ घेतली होती, की पुन्हा फोटो नाही म्हणजे नाही.

आणि त्याच आठवड्यात ते शेतकी प्रदर्शनात जाऊन माझी अळी पाहून आले.

संध्याकाळी माझ्या दारात उभे राहून त्यांनी सगळ्या गल्लीला विचारलं, "मास्तर, अळी एवढी हुबेहूब काढली तुम्ही! मंग आमची पोरगी काहून नाही काढत?"

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, मले अळीच्या रांगेत बसवून राह्यले काय तुम्ही?"

"तू चूप! चित्राचं वेगळं असते. फोटो म्हणजे फोटो, अन् चित्र म्हणजे चित्र."

शपथही राहिली आणि कामही झालं. मी हो म्हटलं. माझ्या कलेला गावात पहिल्यांदाच कोणी माणसाच्या कामाला बोलावत होतं.

ती ओसरीवर समोर बसली तेव्हा पहिलं वाक्य बोलली ते हे: "काढा मास्तर. पण बाजूले पतंग अन् कोष नका काढू."

पहिल्या रविवारी मी पेन्सिलनं रेखाटन केलं. काकू तिथंच सुपात तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या आत गेल्या, आणि आतच राहिल्या. दुसऱ्या रविवारी तर त्या शेजारी हळदीकुंकवाला निघून गेल्या. त्या काळात, त्या गावात, लग्नाच्या मुलीसमोर परका तरुण माणूस तासन् तास टक लावून बसलेला, आणि घरात तिसरं माणूस नाही! शेजारची बाई एकदा काही म्हणाली, तर काकू म्हणाल्या, "मास्तराचं काय? ते घरचेच आहेत." मला कोण अभिमान वाटला. वाटलं, हा कलेचा मान. कलावंत म्हटला की लोक विश्वास टाकतात. तो विश्वास कलेवर नव्हता, माझ्या गालांवर होता, हे समजायला मला नेरपर्यंत जावं लागलं.

दुसऱ्या रविवारी मी शाईला हात घातला. रेघांनी केलं असतं तर एका दुपारीत चित्र उरकलं असतं. मी ठिपके घेतले.

"मास्तर, कागद आहे का गोधडी? किती टोचता त्याले!"

"हलू नका."

"हालून नाही राह्यली. श्वास घेऊन राह्यली. तो तरी घेऊ द्यान."

मी हसू दाबून टाक दौतीत बुडवला. ती माझ्याकडे सरळ पाहत होती, पाहायलाच सांगितलं होतं. खांद्याकडे नव्हे, तोंडाकडे. आणि मग तिनं विचारलं, "देवी आलत्या तवा केवढे होते तुम्ही?"

सतरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्या हातातून शाईचा थेंब मांडीवर पडला. मी म्हटलं, नऊ वर्षांचा.

"लय आग होते म्हणतात."

मी तिला सांगितलं. आईनं माझे हात फडक्यानं बाजेला बांधून ठेवले होते, खाजवू नये म्हणून. आणि ती पाणी आणायला गेली की मी उशीवर गाल घासायचो, रक्त येईपर्यंत घासायचो, इतकी खाज. तिनं ऐकून घेतलं. च्यक् च्यक् केलं नाही, बिचारे म्हणाली नाही. जरा विचार करून म्हणाली, "मंग देवीले कायले दोष देता? हे तर तुम्हीच काढले म्हणा ना."

मी हसलो. स्वतःच्या तोंडावरून मी जन्मात पहिल्यांदा हसलो, आणि ती पण हसली, आणि त्या दिवशीचं काम तिथंच थांबलं. ती मला आवडली. खूप आवडली. तिचं लग्न नेरला ठरू नये असं मला मनापासून वाटायला लागलं, आणि मी तिच्या लग्नाचं चित्र करत होतो. आता यात करायचं काय? तिसरा रविवारही मी ठिपक्यांत घालवला. चित्र झालं. माझ्या हातून त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर तसं चित्र झालेलं नाही, हे मी आज म्हातारपणी कुणाची भीडभाड न ठेवता सांगतो. डोळ्यांत बोलायच्या आधीची खोडी होती, ती नेमकी आली होती. गालांवर उजेडाकडून सावलीकडे जाणारे बारीक बारीक ठिपके.

फिटरकाकांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्वतः मोटारीनं जाऊन नेरला देऊन आले. दहा दिवसांनी कार्ड आलं. काकांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच वाचायला लावलं. मी ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं: "चित्र पाहिले. मुलीस देवीचे वण आहेत असे दिसते. आमची हरकत वणांस नाही, आपण आधी सांगितले नाही यास आहे. सबब हे स्थळ जमणार नाही. चित्र सवडीने घेऊन जावे."

मग काकांनी मुलीला हाताला धरून उजेडात आणलं आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवून ओरडले, "एक डाग दाखवा, मास्तर! माझ्या पोरीच्या तोंडावर एक डाग दाखवा!" गल्ली गोळा झाली. काकू दारातून नेमकं बोलल्या, "स्वतःसारखं काढून ठेवलं, अजून काय!"

आता खरं लिहितो. ते कार्ड वाचताना मला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका. पहिली लाट ओसरल्यावर मी खोलीत जाऊन बसलो आणि मनाशी ठरवूनही टाकलं, की महिनाभर जाऊ द्यायचा, सगळं थंड झालं की हेडमास्तरांना मध्ये घालायचं आणि त्यांच्याकरवी काकांच्या कानावर माझी गोष्ट घालायची. कान जरा जड होते, पण हेडमास्तरांचा आवाज कवायतीचा होता.

दुसऱ्या दिवशी चहा तिनं स्वतः आणून दिला. एरवी धाकटा भाऊ आणायचा. मी म्हटलं, "माफ करा. माझ्यामुळं तुमचं..."

"मले नाही वाटलं वाईट," ती म्हणाली. कप ठेवून दारात थांबली. "ठिपके चांगले काढले तुम्ही, मास्तर."

आणि गेली. मी त्या वाक्यानं पार विरघळून गेलो. अख्ख्या दिग्रसमध्ये, अख्ख्या जिल्ह्यात म्हणा, ठिपक्यांचं काम कळणारं एक माणूस निघालं होतं! छायेची समज, विरळ-दाटीची समज! मी तिच्या या रसिकतेवर दोन दिवस तरंगत होतो.

तेवढ्यात गाव माझ्या मागं लागलं. चहाच्या हॉटेलात गेलो की, "मास्तर, आमच्याकडे पाहू नका बुवा, वण उठतील." शाळेत पोरांनी फळ्यावर गांधीटोपी घातलेला माणूस काढून त्याच्या तोंडावर खडूचे ठिपके दिले. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, "इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत, तुमची पद्धत जरा बदलता येईल का?" माझी पद्धत! अळीला चालली, पतंगाला चालली, कोषाला चालली, आणि माणसाला आली की रोग? माझं डोकं भणाणून गेलं. मुलीची गोष्ट, हेडमास्तरांना मध्ये घालायची गोष्ट, सगळं बाजूला पडलं आणि कला आडवी आली.

फिटरकाकांनी मला काहीही म्हटलं नव्हतं. त्यांनी स्थळ सोडून दिलं होतं. मीच त्यांच्यापुढं जाऊन म्हणालो, "मी येतो नेरला. मी स्वतः त्यांना समजावून सांगतो."

दारव्ह्याला मोटार बदलून आम्ही नेरला पोचलो. माझ्या पिशवीत टाक, शाईची बाटली, कागद, आणि पुरावा म्हणून गुंडाळलेली बोंडअळी. मुलाचे वडील निवृत्त पटवारी, शांत माणूस. घर चालवत होती मुलाची आत्या, हातात सुपारीचा अडकित्ता घेऊन. मुलगा कामावर गेला होता. त्याला या सगळ्यात कोणी विचारलेलंच नव्हतं. मी चित्र मागून घेतलं, जमिनीवर पसरलं आणि व्याख्यान सुरू केलं. उजेड, सावली, दाट, विरळ. आत्याबाई सुपारी कातरत राहिल्या. मग मी अळी काढली. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून मी म्हटलं, "हे पाहा. हिच्याही अंगावर ठिपके आहेत. आता अळीला कधी देवी येतात का?"

मला वाटलं होतं, या मुद्द्यावर घर गप्प होईल. पटवारी पुढं वाकले, नीट पाहिलं आणि म्हणाले, "पण मास्तर, अळीच्या अंगावर ठिपके असतेतच. आमच्या वावरात दरसाल पाहतो न मी."

आता शेवटचा उपाय. मी त्यांनाच समोर बसवलं आणि तिथल्या तिथं त्यांचं चित्र करायला घेतलं. अर्ध्या तासात मिशा, टोपी, गाल. गालांवर ठिपके. आत्याबाईंनी कागद उचलला, भावाचं तोंड धरून उजेडाकडे वळवलं, कागदाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "याच्याही तोंडावर उठले की!"

मी विजयानं म्हटलं, "तेच तर मी केव्हाचं सांगतोय."

"पण मास्तर, तुम्ही सगळ्याइलेच वण काढता काय?" असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. अडकित्ता थांबला. सगळेच पाहायला लागले. मी छायाप्रकाशाचं पुढचं वाक्य जुळवत होतो, तोच फिटरकाका आपल्या जिनातल्या आवाजात बोलले, "त्याईचं काय आहे जी, त्याईले स्वतःले आहेत ना. रोज आरशात तेच पाह्यतात. हाताले सवय लागली."

आधी पटवारी हसले. मग आत्याबाई हसल्या. मग सगळं घर हसलं. मोकळं, सुटल्यासारखं. सगळ्यांना एकदम सगळं कळलं होतं. जे मी दोन तासांत सांगू शकलो नाही ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. आत्याबाईंनी माझ्या ताटात आग्रहानं दोनदा पुरण वाढलं. मुलगी पाहायला येत्या गुरुवारी येतो म्हणाले. परतीच्या मोटारीत काका माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, तुमचं तोंड कामी आलं बरं का!" त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, आणि ते माझे आभार मानत होते. तेव्हा मला काकूंचं "घरचेच आहेत" आठवलं आणि ते कसलं घरचेपण होतं ते समजलं. एवढं समजूनही माझी छाती मात्र फुगलेलीच होती. स्थळ जुळलं होतं, म्हणजे माझे ठिपके निर्दोष ठरले होते. माणूस किती गाढव असू शकतो, पाहा.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. गुरुवारी ते आले, मुलगी पसंत पडली, वैशाखात लग्न झालं. मांडवाच्या दारावरची "सुस्वागतम्" पाटी मी रंगवली, आणि एकाही अक्षराला ठिपका देऊ नका, असं काकूंनी मला बजावलं. ओव्हरसियर चांगला निघाला, निर्व्यसनी, सरळ. नेरच्या घरात माझं एक चित्र चौकटीत घालून लावलं गेलं, ते पटवाऱ्यांचं. शेतकी खात्यानं पुढं मला तुडतुडे दिले, मावा दिला, ज्वारीवरची खोडमाशी दिली. साठ सालानंतर जिल्ह्यात जिथं जिथं शेतकी प्रदर्शन भरलं तिथं माझ्या किडी होत्या. जलरंगाची पेटी मी नंतर उघडली नाही. मी लग्न केलं नाही, असं नाही; केलं, बऱ्याच वर्षांनी, आणि सुखाचं केलं. त्याविषयी इथं लिहायचं नाही.

पण नेरहून परत आलो ती संध्याकाळ राहिली.

काकांनी उंबऱ्यातूनच सगळी हकीगत ओरडून सांगितली, अळीसकट, हसण्यासकट. काकूंनी देवापुढं साखर ठेवली. मी पाय धुवायला परसात गेलो. ती तिथं दगडावर कपडे आपटत होती. सगळं तिला ऐकू गेलंच होतं. मी उभा राहिलो, कौतुकाची वाट पाहत. हो, कौतुकाची. जिल्ह्यातलं एकुलतं एक जाणकार माणूस होतं ते.

तिनं मान वर केली नाही. "तुम्ही कायले गेलते नेरले?"

"गैरसमज दूर करायला."

"कोणाचा?"

तिनं लुगड्याचं एक टोक पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं.

"मले वाटलं, ठिपके तुम्ही मुद्दाम काढले," ती म्हणाली. "सोयरीक मोडावी म्हून. मी तर आईले सांगूनही ठेवलं होतं, की आता दुसरं स्थळ पाहू नका, मास्तरच इचारतीन. आई ‘नाही’ म्हणाली नव्हती."

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. अगदी जिभेवर होतं. रेघांनी चित्र एका दुपारीत संपलं असतं. ठिपक्यांना तीन रविवार लागतात, आणि मला तीन रविवार हवे होते. मुद्दाम काढले होते, पण स्थळ मोडायला नाही, ती समोर बसावी म्हणून. एवढंच सांगायचं होतं. आणि अजूनही गुरुवार यायचा होता, काका घरात होते, काकू घरात होत्या, साखर देवापुढून उचलली गेली नव्हती.

पण तिनं मुद्दाम म्हटलं होतं. माझ्या हातावर संशय घेतला होता. आणि माझ्या तोंडून नागपूरची मराठी बाहेर पडली.

"मी कलेशी अशी प्रतारणा कधीही करणार नाही," मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सरळ तोंडाकडे, पूर्वीसारखंच.

"हो काय," ती म्हणाली. "मंग ते बादली सरकवा तिकडं. पाणी उडून राह्यलं तुमच्यावर."

मी बादली सरकवली.